ऑफ म्हणजे बंद, मग अलार्म ‘वेंट ऑफ’ म्हणजे वाजला कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफ म्हणजे बंद हे शाळेपासून माहीत आहे, मग ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे अलार्म वाजला, ‘द मिल्क इज ऑफ’ म्हणजे दूध नासलं, ‘वी आर ऑफ’ म्हणजे आम्ही निघालो आणि ‘वेल ऑफ’ म्हणजे खाऊनपिऊन सुखी, हे कसं काय? यात काही लॉजिक आहे का सगळं पाठच करायचं? आणि खाली एक जोडप्रश्न, की ‘ऑफ ऑफ’ असं दोनदा ऐकलं ते बरोबर का.

लॉजिक आहे. सोळा आणे नाही, पण बारा आणे नक्की आहे. मी तेवीस वर्षं पुण्यात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, म्हणजे मराठी मीडियममधून आलेले, नोकरीत स्थिरावलेले आणि आता परदेशी साहेबाला मेल लिहायची वेळ आली म्हणून धावत आलेले, आणि मधल्या वेळात भाषांतराची कामं करते. एवढ्या वर्षांत मला कळलेली गोष्ट ही की माणसं अवघड शब्दांवर आपटत नाहीत, ते शब्द डिक्शनरीत बघतात ना, आपटतात ती या दीडदमडीच्या शब्दांवर, कारण ते आपल्याला येतात असं वाटत असतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात म्हणे ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदलेत. असूदेत. रनचा अंदाज चुकला तरी माणूस जवळपास कुठेतरी पोचतो. ऑफचा अंदाज चुकला की थेट उलट्या दिशेला.

उदाहरण सांगते, माझ्याच वर्गातलं. एक जण, चाकणच्या बाजूला एका कारखान्यात नाइट शिफ्टचा सुपरवायझर. परदेशातल्या इंजिनिअरचा मेल आला, की तीन नंबरच्या युनिटचा अलार्म रात्री दोन चाळीसला ‘वेंट ऑफ’, कृपया खुलासा करा. हा बिचारा घाबरला, जाऊन बघितलं तर अलार्म व्यवस्थित चालू. मग याने उत्तर लिहिलं, की ‘अलार्म इज नॉट ऑफ सर, अलार्म इज वर्किंग प्रॉपरली, वी हॅव चेक्ड.’ तिकडून उत्तर, हो हो, वर्किंग आहे हे माहीतच आहे, म्हणूनच विचारतोय, का वेंट ऑफ? याचं परत उत्तर, सर इट नेव्हर वेंट ऑफ, इट इज ऑन सिन्स मंथ्स. आता तिकडच्या माणसाला काय कळलं असेल? की यांचा अलार्म कित्येक महिन्यांत एकदाही वाजलेला नाही आणि लॉगमध्ये तर वाजल्याची नोंद आहे, म्हणजे हे लोक लपवतायत. सहा मेल झाले, मग मॅनेजरने फोन उचलला आणि दोन मिनिटांत उलगडा झाला. तो पोरगा त्या सहा मेलची प्रिंट घेऊन माझ्याकडे आला होता, ती मी अजून ठेवलीय.

तर पहिली गोष्ट, ऑफ म्हणजे बंद हे डोक्यातून काढा. बंद हा ऑफचा नातू आहे, आजोबा नाही.

आजोबा कोण ते सांगते. जुन्या इंग्रजीत ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ (म्हणजे आपण जो बँक ऑफ महाराष्ट्र मध्ये म्हणतो तो) हे दोन शब्द नव्हतेच, एकच होता, अर्थ ‘पासून, पासून दूर’. जोर देऊन म्हटला की ऑफ, उरकून टाकला की ऑव्ह. हळूहळू स्पेलिंग वेगळं झालं, सतराव्या शतकापर्यंत वाटणी पक्की झाली आणि धाकट्याकडे ‘चा-ची-चे’ असलं मवाळ काम गेलं, थोरल्याकडे ‘दूर, सुटं, वेगळं’ हे राहिलं. गंमत म्हणजे मराठीत आपण दोघांनाही ‘ऑफ’च लिहितो आणि ‘ऑफ’च म्हणतो, बँक ऑफ इंडिया पण ऑफ आणि स्विच ऑफ पण ऑफ. तिकडे वाटणी झालेले भाऊ आपण इकडे परत एका घरात आणून ठेवलेत. बोलताना चालतं, पण इंग्रजीत लिहिताना एका एफचा आणि दोन एफचा घोळ जो होतो ना, तो इथून होतो, आणि स्पेलचेक पकडत नाही कारण दोन्ही शब्द बरोबरच असतात.

अजून मागे गेलात तर हा शब्द आपल्या नात्यातला निघतो. संस्कृतमधला ‘अप’ उपसर्ग, अपहरण, अपवाद, अपभ्रंश यातला, तो आणि इंग्रजी ऑफ एकाच मुळाचे. अपहरण म्हणजे हरण करून दूर नेणं, इंग्रजीत शब्दाला शब्द लावला तर ‘कॅरी ऑफ’. जर्मनमध्ये तोच ‘अब’ होतो, आणि माझ्या ज्या विद्यार्थिनी जर्मन पण शिकतात त्यांना स्टेशनवरच्या वेळापत्रकातला ‘अबफार्ट’ शब्द बघून हसू येतं, तो म्हणजे गाडी सुटण्याची वेळ.

सुटण्याची. हाच शब्द मला हवा होता.

मी पहिली काही वर्षं ऑफची यादी द्यायचे, छापील, दोन पानी, टर्न ऑफ, टेक ऑफ, पुट ऑफ असं करत करत. मुलं पाठ करायची आणि आठवड्यात विसरायची. मग एकदा लक्ष्मी रोडला दिवाळीच्या खरेदीला गेले असताना एका दुकानाच्या काचेवर ‘२०% सूट’ आणि शेजारच्या दुकानावर ‘२०% ऑफ’ अशा दोन पाट्या शेजारीशेजारी दिसल्या आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. सूट म्हणजे ऑफ. मग सुट्टी म्हणजे? डे ऑफ. गाडी सुटली? द ट्रेन इज ऑफ. गोळी सुटली? द गन वेंट ऑफ. आरोपी सुटला? ही गॉट ऑफ. दुधाला वास सुटला? द मिल्क इज ऑफ. बटण सुटलं, शर्टाचं हं, द बटन केम ऑफ. सिगरेट सुटली, ही इज ऑफ सिगरेट्स. गळाला लागलेला मासा सुटला, ऑफ द हुक. तबल्याचा ताल सुटला तर ऑफ बीट. मी तिथेच फुटपाथवर उभी राहून कॅरीबॅगवर लिहून काढलं. आपल्या ‘सुटणे’ या एका क्रियापदात इंग्रजी ऑफचा अर्ध्याहून जास्त संसार बसतो, आणि आपण वर्षानुवर्षं त्याला ‘बंद’ म्हणून शिकवतोय.

आता अलार्मचं बघा. जुनं चावीचं घड्याळ आठवा, गजराची चावी वेगळी असायची मागे. चावी दिली की स्प्रिंग ताणली जायची आणि ती एका खाचेत अडकून बसायची. वेळ झाली की खाच सरकायची, स्प्रिंग सुटायची आणि तो छोटा हातोडा घंटांवर तडतडायचा. म्हणजे काय झालं? सुटला. बंदुकीचं पण तेच, घोडा ताणलेला, खटका दाबला की सुटला. ‘गो ऑफ’ हा प्रयोग बंदुकीला आधी लागला आणि घड्याळाला नंतर, आणि आता मोबाईलमध्ये ना स्प्रिंग आहे ना हातोडा, तरी शब्द तोच राहिला.

यातून एक कामाचा नियम निघतो, तो मात्र लिहून ठेवा. जी वस्तू सतत चालू असते, म्हणजे दिवा, पंखा, एसी, हीटर, वीज, ती ‘वेंट ऑफ’ झाली म्हणजे बंद पडली. जी वस्तू दबा धरून बसलेली असते, म्हणजे अलार्म, सायरन, बॉम्ब, बंदूक, उंदराचा सापळा, गाडीतली एअरबॅग, ती ‘वेंट ऑफ’ झाली म्हणजे तिने आपलं काम केलं, उडाली, वाजली, फुटली. ‘माय अलार्म डिडन्ट गो ऑफ’ म्हणजे अलार्म वाजलाच नाही, ऑफिसला उशीर झाला की द्यायचं जगातलं सगळ्यात जुनं कारण. आणि अलार्म बंद पडला असं सांगायचं असेल तर सरळ ‘स्टॉप्ड’ म्हणा, ‘स्टॉप्ड वर्किंग’ म्हणा, कुणी बंद केला असेल तर ‘वॉज स्विच्ड ऑफ’ म्हणा. माझ्या त्या सुपरवायझरने एवढंच लिहिलं असतं ना, की येस, इट वेंट ऑफ, टेंपरेचर वाढलं होतं, तर त्याची रात्रीची झोप वाचली असती.

मग स्विच ऑफचा ‘बंद’ कुठून आला? बटण दाबलं की दिवा करंटपासून तुटतो, वेगळा होतो. नळ टर्न ऑफ केला की पाणी मागच्या पाण्यापासून तुटतं. तोडलं म्हणून थांबलं. बंद होणं हा परिणाम आहे. (जाता जाता, स्विचवर कधीकधी एक गोल आणि एक उभी रेघ असते, त्यातला गोल हा ‘ओ’ नाही, शून्य आहे, म्हणजे गोल ऑफ आणि रेघ ऑन. ऑन आणि ऑफ दोन्ही ओपासूनच सुरू होतात म्हणून आमच्याकडे इस्त्री दोनदा रात्रभर चालू राहिली होती.)

‘सुटणे’ ही पहिली किल्ली, दुसरी किल्ली ‘वरून’. ऑन म्हणजे वर, ऑफ म्हणजे वरून, एवढं साधं. टेबलावरून पडलं, फेल ऑफ द टेबल. सायकलवरून उतर, गेट ऑफ द सायकल. इथे बस आणि ट्रेन मात्र आपल्याला दगा देतात, कारण आपण बस‘मधून’ उतरतो आणि इंग्रज बस‘वरून’ उतरतो, गेट ऑफ द बस, गेट ऑफ द ट्रेन, विमान आणि बोटसुद्धा. कारमधून मात्र तोही ‘आउट ऑव्ह’ च म्हणतो, एका एफचा. ज्यात उभं राहून चालता येतं तिथे ऑफ, ज्यात वाकून शिरावं लागतं तिथे आउट, असं मी सांगते, आणि रिक्षाला मग काय म्हणायचं हे दर बॅचला कुणीतरी विचारतंच. आउट ऑव्ह म्हणा.

या ‘वरून’ने मला स्वतःला एकदा चांगलंच पाडलंय. पाळीव कुत्र्यांच्या काळजीचं एक माहितीपत्रक भाषांतराला आलं होतं. वाक्य होतं, तुमचा कुत्रा एक दिवसापेक्षा जास्त ‘ऑफ हिज फूड’ असेल तर डॉक्टरांना दाखवा. मी घाईत लिहिलं, ‘कुत्र्याचं अन्न एक दिवसापेक्षा जास्त बंद ठेवल्यास डॉक्टरांना दाखवा’. ऑफ म्हणजे बंद, बघा, मी पण त्याच शाळेतली. तपासणारे गृहस्थ स्वतः जनावरांचे डॉक्टर होते, त्यांनी लाल पेनाने शेजारी लिहिलं, ‘बाई, अन्न आपण बंद नाही केलेलं, कुत्र्याची अन्नावरून वासना उडालीय’. अन्नावरून. तोच ‘वरून’, आपल्याच भाषेत तयार बसलेला होता आणि मला दिसला नाही. ‘आय हॅव गॉन ऑफ टी’ म्हणजे चहावरून मन उडालं, चहा सोडला असं नाही, प्यावासा वाटत नाही. हा प्रयोग जास्त ब्रिटिश आहे, नासलेल्या दुधाला ऑफ म्हणणंसुद्धा, अमेरिकन माणूस सरळ ‘बॅड’ म्हणून मोकळा होईल.

मुंबईचे पत्ते वाचा, तिथे हाच ऑफ भेटतो. ‘ऑफ लिंक रोड’, ‘ऑफ कार्टर रोड’. म्हणजे त्या रस्त्यावर नाही, त्या रस्त्यावरून फुटलेल्या गल्लीत. माझी भाची पहिल्यांदा मुंबईला नोकरीला गेली तेव्हा असाच एक पत्ता घेऊन भर उन्हात मेन रोडवर अर्धा तास वरखाली करत होती आणि बिल्डिंग दोनशे पावलं आत होती, मेडिकलच्या शेजारच्या बोळातून. फ्लॅट दाखवणारे एजंट हा शब्द फार नजाकतीने वापरतात, नाव मोठ्या रस्त्याचं सांगायचं आणि राहायचं मात्र आत.

समुद्राचं पण तसंच. बातमीत ‘ऑफ द कोस्ट ऑव्ह जपान’ भूकंप असं येतं, ते किनाऱ्यावर नाही, किनाऱ्यापासून आत, समुद्रात. ऑफशोर म्हणजे तेच. बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडलं, ते मुंबईच्या किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत आहे, आणि तिथल्या रिगवर काम करणारी मंडळी ‘चौदा दिवस ऑन, चौदा दिवस ऑफ’ असं सांगतात. म्हणजे बघा, ऑफशोर असतात तेव्हा ते ऑन असतात आणि शोरवर आले की ऑफ. माझ्या वर्गात असा एक रिगवाला होता, त्याने हे वाक्य स्वतःच सांगितलं आणि स्वतःच हसत बसला.

क्रिकेटवाल्यांनी विचारलेलं नाही पण विचारतीलच, म्हणून. घोड्यावर डावीकडून चढतात, म्हणून डावी बाजू ‘निअर’, जवळची, आणि उजवी ‘ऑफ’, लांबची. घोडागाडीच्या जमान्यातलं हे नाव पुढे मोटारींना लागलं, ब्रिटनमध्ये अजूनही गाडीची ड्रायव्हरकडची बाजू ऑफसाइड आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅट्समनचा ऑफ म्हणजे उजवीकडचा, त्याच्या पायांपासून लांबचा. आणि ऑफ स्पिन ऑफ‘कडे’ वळत नाही, ऑफ‘कडून’ आत येतो, हे गल्लीत दहा वर्षं खेळलेल्या पोरांना पण कधीकधी नीट सांगता येत नाही. फुटबॉलचा ऑफसाइड वेगळा, तिथे साइड म्हणजे आपली टीम, आपल्या टीमच्या मागून सुटून पुढे जाऊन उभा राहिला तो ऑफ हिज साइड.

तिसरी किल्ली मला फार आवडते. काही ऑफ असे आहेत जे ना सुटणे ना वरून. पे ऑफ द लोन, सेल ऑफ, फिनिश ऑफ, किल ऑफ, पॉलिश ऑफ. इथे ऑफ काय करतोय? नुसतं ‘पे’ म्हणजे पैसे दिले, हप्ता दिला असेल एखादा. पे ऑफ म्हणजे फेडून टाकलं. विकून टाकलं, संपवून टाकलं, मारून टाकलं, ताटातलं सगळं फस्त करून टाकलं. आपलं ‘टाकणे’. टाकणे म्हणजे मुळात फेकणे, हातातून दूर करणे, आणि दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटाला लागलं की अर्थ होतो ‘पुरतं केलं, आता परत बघायचं नाही’. ऑफ पण तेच करतो, मुळात दूर आणि शेपटाला लागला की पुरतं. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच युक्ती काढलीय, मला याचं अजून नवल वाटतं. ‘टर्न ऑफ द लाइट’चं मराठी पण बघा, ‘दिवा बंद करून टाक’. घरात आई असंच म्हणते.

आता नोकरीच्या कामाचं, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक यातच अडकतात.

‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकललं, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द केलं. हे दोन उलटे वापरले तर समोरचा माणूस तिकीट कॅन्सल करून बसतो. मीटिंग पुट ऑफ झाली तर ती कधीतरी होणार आहे. संप, लग्न, मॅच कॉल ऑफ झाली तर विषय संपला. ‘कॉल’ म्हणजे हाक मारणं, शिकारी कुत्र्यांना हाक मारून परत बोलावतात तसं चित्र डोळ्यासमोर आणा, विसरणार नाही. पुट ऑफला अजून एक अर्थ चिकटलाय, ‘द स्मेल पुट मी ऑफ’, वासाने मन उठलं, इथे परत आपला ‘वरून मन उडणे’वाला.

‘ले ऑफ’वर थोडं जास्त लिहिते कारण यात पैशाचा प्रश्न असतो. आपल्याकडे कारखान्यात काम केलेल्या जुन्या माणसाला विचारा, ले-ऑफ म्हणजे काय. तो सांगेल, कच्चा माल नाही, मशीन बंद, वीज नाही, म्हणून कंपनीने काही दिवस काम दिलं नाही, नाव मस्टरवर तसंच, आणि अर्धा पगार. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात (तो २०२५ पर्यंत लागू होता) ले-ऑफची व्याख्या तशीच होती, तात्पुरतं काम देता न येणं, आणि अटीत बसणाऱ्या कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होतं त्याच्या ५० टक्के भरपाई. कायमचं काढून टाकण्याला तिथे वेगळा शब्द होता, रिट्रेंचमेंट, मराठीत कामगार कपात. आणि आता आयटीच्या बातम्यांमध्ये ‘लेऑफ’ येतं ते अमेरिकेतून, तिथे रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ झालाय नोकरी गेली. एकाच घरात बाप ‘ले-ऑफ’ ऐकून म्हणतो आठ-पंधरा दिवसांत बोलावतील, आणि मुलगा लॅपटॉप परत करून आलेला असतो. मी हा सीन कल्पनेतून लिहीत नाहीये, माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी हेच झालं, वडिलांना समजावताना त्याची पुरेवाट झाली.

आपले स्वतःचे ऑफ पण आहेत आणि ते इंग्रजीत तसेच्या तसे चालत नाहीत, हे माहीत असावं. ‘मूड ऑफ आहे’ हे मराठीत झकास आहे, पण लंडनच्या माणसाला ‘माय मूड इज ऑफ’ म्हटलं तर तो अंदाजाने समजेल इतकंच, तो स्वतः ‘आय ॲम इन अ बॅड मूड’ म्हणेल. ‘आज माझा ऑफ आहे’, ‘महिन्यात चार ऑफ मिळतात’, इथे आपण ऑफचं नाम करून टाकलंय, त्याला ‘डे ऑफ’ लागतो, चार असतील तर ‘फोर डेज ऑफ’. ‘कॉम्प ऑफ’ हे आपलं ऑफिसमधलं लाडकं लेकरू, ब्रिटिश माणूस ‘टाइम ऑफ इन ल्यू’ म्हणतो, अमेरिकन ‘कॉम्प टाइम’. ‘लाइट ऑफ कर’ वरून काही जण थेट ‘प्लीज ऑफ द लाइट’ लिहितात, ते नका लिहू, कारण इंग्रजी बोलीत ‘टू ऑफ समबडी’ म्हणजे एखाद्याला उडवणं, खून करणं. तसं आपण तरी काय वेगळं बोलतो, ‘म्हातारा ऑफ झाला’ असं कट्ट्यावर सर्रास म्हणतात, फक्त आपला म्हातारा आपला आपण जातो. ‘डोकं ऑफ झालं’ला मात्र इंग्रजीत धड जोडी नाही, आणि ‘सेंड ऑफ’ जसाच्या तसा चालतो, दहावीच्या पोरांना आणि रिटायर होणाऱ्यांना दोघांनाही.

एक बारीक फरक, यात फजिती होते. ‘आय ॲम ऑफ टुमॉरो’ म्हणजे उद्या माझी सुट्टी. ‘आय ॲम ऑफ’ नुसतं, बॅग उचलता उचलता, म्हणजे मी निघालो. ‘आय ॲम ऑफ टू नाशिक’ म्हणजे नाशिकला निघालो. आणि ‘समथिंग इज ऑफ’ म्हणजे काहीतरी गडबड आहे, जुळत नाहीये, सूर लागत नाहीये. ऑफ व्हाइट यातलाच, पांढऱ्यावरून जरासा सरकलेला रंग.

‘वेल ऑफ’ विचारलंय तुम्ही खास. हा बहुतेक ‘कम ऑफ वेल’ वरून आलाय, म्हणजे एखाद्या प्रसंगातून चांगला सुटला, निभावून नेलं, हाती चार पैसे राहिले. मग नुसता ‘वेल ऑफ’ राहिला, त्याच्या मागे ‘बॅडली ऑफ’ आणि ‘बेटर ऑफ’ आले. ‘द वेडिंग वेंट ऑफ वेल’ मध्ये अजून तोच जुना वास आहे, लग्न छान पार पडलं. बघा, ‘गो ऑफ’ परत आला, आणि या वेळी ना वाजला ना बंद पडला. हा पाचवा का सहावा अर्थ झाला एका गो ऑफचा, मी मोजायचं सोडलंय.

आणि जे बसत नाहीत ते बसत नाहीत. ‘शो ऑफ’ मला कधीच सुटणे, वरून, टाकणे यात नीट बसवता आलेला नाही, ओढूनताणून बसवलं तर मुलं लगेच ओळखतात की बाई थापा मारतायत. ‘डोझ ऑफ’, डुलकी लागली, हा जागेपणावरून घसरला असं म्हणून कसाबसा बसतो. ‘टेल ऑफ’ म्हणजे झापणं, यात टेलचा अर्थ सांगणं असा घेतला तर काहीच कळत नाही, पण टेल म्हणजे पूर्वी मोजणं असायचं, बँकेतला टेलर म्हणजे पैसे मोजणारा, तसं सैन्यात माणसं मोजून बाजूला काढायची त्याला टेल ऑफ म्हणायचे. झापण्यापर्यंत ते कसं आलं याचा मी वर्गात फार खल करत नाही. असे आठ-दहा पाठ करायचे, बाकीच्यांना तीन किल्ल्या लावून बघायच्या.

मी वर्गात एक गोष्ट करायला लावते, ती घरी करून बघा. आठवडाभर जिथे ऑफ दिसेल, दुकानाच्या पाटीवर, मेलमध्ये, मॅचच्या कॉमेंट्रीत, तिथे ‘बंद’ हा शब्द वापरायला मनाई. सुटणे, वरून, टाकणे यातलं काहीतरी वापरून मराठी वाक्य करायचं. पहिले दोन दिवस फार चिडचिड होते. मागच्या बॅचमधल्या एका काकूंनी चौथ्या दिवशी ‘अप टू ५०% ऑफ’ चं भाषांतर आणलं, ‘वर वर पन्नास म्हणतो, पण सुटतात दहाच’. पूर्ण मार्क दिले.

राहिला जोडप्रश्न. ‘गेट ऑफ ऑव्ह द टेबल’, म्हणजे तुम्ही ऐकलेला दोनदा ऑफ, हा अमेरिकेत बोलताना सर्रास चालतो, ब्रिटनमध्ये लिहिलात तर मास्तर गोल करतील. परीक्षेत आणि ऑफिसच्या मेलमध्ये एकच लिहा, दोन एफवाला.